तिसरी पिन

मायक्रोवेव्ह सुरू झाला की “लांब हो, किरणं लागतील” म्हणून नातवंडाला मागे ओढणारी आजी आणि त्याच ओव्हनचा प्लग दोन वायरींच्या एक्स्टेंशन बोर्डात खुपसून निर्धास्त वावरणारं घर, ही आपल्याकडे एकाच छपराखाली नांदतात. आजीला मी दोष देणार नाही. जे दिसत नाही त्यापासून लेकरं जपावीत, हे शहाणपणच आहे. माझं म्हणणं एवढंच, की या घरातली भीती चुकीच्या जागी जाऊन बसली आहे. दाराच्या काचेतून येऊ शकणाऱ्या लहरींपेक्षा पत्र्याआडची वीज आणि भिंतीतून तिला मिळणारी किंवा न मिळणारी अर्थिंगची वायर ही कितीतरी मोठी काळजीची बाब आहे. हे पटायचं तर प्लगमधून शिरलेली वीज भातापर्यंत कशी पोचते, ते एकदा सावकाश पाहायला हवं.

भिंतीतून येते ती २३० व्होल्टची वीज, सेकंदाला ५० आवर्तनं करणारी. ८०० वॅटचा म्हणून विकला जाणारा ओव्हन प्रत्यक्षात भिंतीतून १२०० ते १३०० वॅट ओढतो, म्हणजे साधारण साडेपाच अँपिअर. ८०० हा आकडा अन्नाला मिळणाऱ्या ताकदीचा. उरलेली वीज आतच उष्णता होते आणि पंख्याच्या वाऱ्याबरोबर मागच्या जाळीतून निघून जाते. आत शिरल्यावर वाटेत एक फ्यूज लागतो, मग दाराच्या खटक्यांना जोडलेले स्विच, आणि त्यापुढे ट्रान्सफॉर्मर. ओव्हन उचलताना एकच बाजू जड लागते ती याच्यामुळे.

या ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या अंगाला दोन वेटोळी असतात. एक अगदी थोड्या वेढ्यांचं, जाड तारेचं, सव्वातीन व्होल्टच्या आसपासचं. लहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनच्या पोटातली तार लाल करणं एवढंच त्याचं काम. दुसरं बारीक तारेचं, पुष्कळ वेढ्यांचं. ते सुमारे २००० व्होल्ट देतं. एवढ्यानेही भागत नाही म्हणून पुढे कपॅसिटर आणि डायोड बसवलेले असतात. विजेच्या अर्ध्या फेरीत कपॅसिटर भरून घ्यायचा आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत त्या साठ्यावर वेटोळ्याचा दाब चढवून दोन्ही मिळून मॅग्नेट्रॉनवर सोडायचे, अशी ही युक्ती. शिखराला हा दाब ४००० व्होल्टच्या घरात जातो. सेकंदाला असे ५० ठोके बसतात. ओव्हन चालू असताना जी घरघर ऐकू येते, त्यात पंख्याबरोबर या ट्रान्सफॉर्मरचाही आवाज असतो.

मॅग्नेट्रॉन ही चीज मात्र खरोखर नवलाची आहे. तांब्याचं पोकळ नळकांडं, मधोमध तापलेली तार, कडेने आत डोकावणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये तयार झालेले कप्पे, वर-खाली चुंबकाच्या जाड चकत्या. तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन तांब्याकडे सरळ झेपावतात, पण चुंबक त्यांना वळवतो. मग ते चाकाच्या आऱ्यांसारख्या झोतांनी गोल फिरत कप्प्यांच्या तोंडावरून जातात आणि आपली ऊर्जा कप्प्यांना देत राहतात. कप्प्यांचं मापच असं ठेवलेलं असतं, की त्यांतली विद्युत स्पंदनं सेकंदाला सुमारे २४५ कोटी भरतात. या लहरींची लांबी १२.२ सेंटिमीटर.

हे यंत्र स्वयंपाकासाठी जन्मलंच नाही. २१ फेब्रुवारी १९४० रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कप्प्यांचा मॅग्नेट्रॉन पहिल्यांदा चालवला तो रडारसाठी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्रिटनचं एक शिष्टमंडळ त्याचा नमुना घेऊन अमेरिकेला गेलं. तिथे रेथिऑन कंपनीत मॅग्नेट्रॉनच्या उत्पादनात मुरलेल्या पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ च्या ऑक्टोबरात या लहरींनी अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ मध्ये बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाच्या उंचीचा आणि तीनशे किलोंहून जड होता, आणि त्याला थंड ठेवायला नळाचं पाणी जोडावं लागे. ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन यायला १९६७ उजाडलं. आकार लहान झाला, किंमत उतरली, पण रडारच्या या नळीची हजारो व्होल्टची भूक होती तशीच राहिली. इन्व्हर्टर म्हणून जे नवे ओव्हन येतात त्यांत जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि त्यांची ताकद खरोखर कमी-जास्त करता येते. (जुन्या पद्धतीच्या ओव्हनमध्ये ‘५० टक्के’ म्हणजे पूर्ण ताकदीने थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, एवढंच.) पण मॅग्नेट्रॉनपाशी पोचणारा दाब दोन्हींत सारखाच.

आता त्या लहरी अन्नाचं काय करतात? पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. लहरींतलं विद्युत क्षेत्र सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलतं, रेणू तिच्याबरोबर वळायला बघतात, शेजाऱ्यांशी घासतात, मागे पडतात, आणि त्या ओढाताणीची उष्णता होते. ‘पाण्याच्या रेणूशी नेमकी जुळणारी वारंवारिता निवडली आहे’ हे चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकू येतं, पण ते खरं नाही. पाणी याहून कितीतरी वरच्या वारंवारितेला सगळ्यात जोमाने ऊर्जा शोषतं. तिथे ओव्हन चालवला तर सगळी ऊर्जा वरच्या पापुद्र्यातच संपेल आणि बटाटा आतून कच्चा राहील. कारखान्यांतले मोठे ओव्हन तर ९१५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे घरगुती ओव्हनच्या निम्म्याहून कमी वारंवारितेवरही चालतात. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटर शिराव्यात आणि तरी शोषल्या जाव्यात, असा हा मधला सौदा आहे.

या लहरी डोळ्यांनी पाहायच्या असतील तर उडदाचा पापड पुरे. फिरती काच आणि तिच्याखालचं चाक काढून ठेवायचं, सपाट ताटलीत दोन-तीन कच्चे पापड कडेला कडा लावून पसरायचे आणि अर्धा मिनिटही न थांबता ओव्हन बंद करायचा. पापड सगळीकडून भाजलेला नसतो. कुठे पांढरे, फुललेले ठिपके आणि मधे अगदी कच्चे पट्टे. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. काही जागी त्यांचा जोर दुणावतो, काही जागी मावळतो. फुललेल्या दोन शेजारच्या जागांमधलं अंतर बहुतेक वेळा सहा सेंटिमीटरच्या आसपास येतं. त्याची दुप्पट केली की तरंगलांबी. तिला मागच्या पट्टीवर छापलेल्या २४५० मेगाहर्ट्झने गुणलं की प्रकाशाचा वेग हाती लागतो, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. डबा तिन्ही दिशांना बंद असल्याने अंतरं थोडी इकडेतिकडे होतात, तरी उत्तर जवळपास बरोबर येतं. पट्टी आणि पापड एवढ्यावर होणारा हा प्रयोग आपल्या शाळांत का दाखवत नाहीत, हे मला कळत नाही.

या लहरी शरीराचं काय करू शकतात, हा आजीचा खरा प्रश्न. क्ष-किरण किंवा गॅमा किरण घातक ठरतात, कारण त्यांच्या एकेका कणात रेणूतला इलेक्ट्रॉन उखडण्याइतकी ऊर्जा असते. त्यातून पेशीतल्या जनुकांची मोडतोड होऊ शकते. मायक्रोवेव्हच्या एका कणातली ऊर्जा साध्या दिव्याच्या प्रकाशकणापेक्षाही लाखभराहून अधिक पटींनी कमी असते. आणि इथे संख्या वाढवून काही साधत नाही. दहा फुटी भिंतीवरून एकालाही उडी मारता येत नसेल, तर हजार माणसांनी एकेक करून उडी मारली तरी पलीकडे कोणी पोचत नाही. कण वाढले की तापमान वाढतं, एवढंच. म्हणजे मायक्रोवेव्ह इजा करू शकतो, पण भाजून. अन्न ‘किरणोत्सारी’ होत नाही, बंद केल्यावर आत काही ‘शिल्लक’ राहत नाही, आणि थोड्या पाण्यात, थोड्या वेळात शिजवल्यामुळे भाजीतलं क जीवनसत्त्व उकळण्यापेक्षा बरंच वाचतं.

तरीही ‘ओव्हन घातक असल्याचं कोर्टाने मान्य केलंय’ असा निरोप फिरत असतो, म्हणून त्या खटल्याबद्दल लिहायला हवं. स्वित्झर्लंडच्या हान्स हर्टेल यांनी आठ माणसांवर एक प्रयोग करून १९९२ साली असा इशारा दिला, की मायक्रोवेव्हमधल्या अन्नाने रक्तात रोगाकडे नेणारे बदल दिसतात. ज्यांच्याबरोबर त्यांनी तो प्रयोग केला त्या संशोधकाने या निष्कर्षांपासून अंग काढून घेतलं. पण उपकरणं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांच्या संघटनेने हर्टेलना कोर्टात खेचलं आणि असं बोलायला मनाईचा हुकूम मिळवला. २५ ऑगस्ट १९९८ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ठरवलं, की ही मनाई अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भंग करते. ओव्हन घातक आहे की नाही, यावर न्यायालयाने निवाडाच दिला नाही. मला तो निकाल योग्य वाटतो. आठ जणांच्या प्रयोगाला मोठ्या प्रयोगाने उत्तर द्यायचं असतं. वकील लावून तोंड बंद केलं की लोकांना वाटतं, नक्कीच काहीतरी दडवलं जातंय. ती अफवा आजतागायत जिवंत राहिली, त्यात त्या संघटनेचाही हात आहे.

दारातून गळणाऱ्या लहरींची भीती मात्र एके काळी अगदी रास्त होती. साठच्या दशकात अमेरिकेत रंगीत टीव्हीतून क्ष-किरण गळत असल्याचं उघडकीला आलं, लोक हादरले, आणि १९६८ मध्ये तिथे उपकरणांतून बाहेर पडणाऱ्या किरणांवर कायदा झाला. १९७१ पासून मायक्रोवेव्ह ओव्हनला मर्यादा लागू झाली: ओव्हनच्या आयुष्यभरात केव्हाही, पत्र्यापासून ५ सेंटिमीटरवर, दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त गळती चालणार नाही. भर दुपारचं ऊन तेवढ्याच जागेवर १०० मिलिवॅटच्या आसपास ओततं. शिवाय ओव्हनपासून दूर जावं तशी ही गळती झपाट्याने विरत जाते.

त्या भीतीतून दार घडलं. काचेतल्या जाळीची भोकं मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. बारा सेंटिमीटरच्या लहरीला ती जवळजवळ अखंड पत्र्यासारखीच. दाराच्या कडेने, प्लास्टिकच्या पट्टीआड, तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे तीन सेंटिमीटरची खाच असते. फटीतून निसटू पाहणारी लहर तिच्यात शिरून परतते आणि स्वतःलाच मारून टाकते. दाराच्या खटक्यामागे बहुधा तीन स्विच असतात. दोन वीज तोडतात. तिसऱ्याचं काम वेगळं: पहिला स्विच चिकटून बसला आणि दार उघडलं, तर हा मुद्दाम शॉर्टसर्किट करून फ्यूज उडवतो. ओव्हन कायमचा मुका झाला तरी चालेल, पण उघड्या दाराने चालता कामा नये, हा त्यामागचा विचार. माणसाच्या जिवाची इतकी कदर करणारी रचना पाहिली की मला तिच्या अनाम रचनाकारांबद्दल आदर वाटतो.

म्हणूनच दार वाकलं असेल, बिजागरी सैल असेल, काच तडकली असेल, तर ओव्हन वापरू नये. तिथे आजीचंच बरोबर. आत मोबाईल ठेवून तो वाजतो का पाहायचं, ही परीक्षा मात्र फसवी आहे. मोबाईल इतका क्षीण संदेश पकडतो, की दाराने लाखो पटींनी कमी केलेली लहरही त्याला पुरते. तो वाजला म्हणजे ओव्हन गळतो, असं ठरत नाही.

आता पत्र्याआडचा भाग. ओव्हनच्या आत एका भिंतीवर पुठ्ठ्यासारखा एक तुकडा दिसतो, तो माइका. त्याच्यामागून लहरी आत येतात. त्यावर तेलाचे, रश्श्याचे शिंतोडे उडून ते जळले की तो काळा पडतो आणि ठिणग्या उडू लागतात. घरात घबराट होते, “किरणं फुटली” म्हणतात. दुरुस्ती आतूनच होते, माइकाचा नवा तुकडा कापून बसवला की काम झालं. पण अनेकदा कोपऱ्यावरचा मेकॅनिक येतो, सवयीने पाठीमागचे स्क्रू काढतो, आणि खऱ्या धोक्याशी गाठ पडते ती त्या क्षणी.

या मेकॅनिकांपैकी पुष्कळ जण जुन्या, डब्ब्या टीव्हीवर हात बसलेले. त्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला २० ते २५ हजार व्होल्ट लागत, पण प्रवाह एखाद-दोन मिलिअँपिअरचा. त्याचा झटका अनेकांनी खाल्ला, हात झटकला आणि पुन्हा कामाला लागले. त्या अनुभवाने त्यांना शिकवलं, की जास्त व्होल्ट म्हणजे जास्त भीती असं काही नसतं. मायक्रोवेव्हच्या बाबतीत हीच शिकवण जिवावर बेतते. इथे व्होल्ट दशांश आहेत, पण सरासरी प्रवाह ३०० मिलिअँपिअरच्या आसपास. घरातलं ईएलसीबी ३० मिलिअँपिअरला वीज तोडतं, कारण त्यापलीकडे हृदयाचा ठोका बिघडायचा धोका सुरू होतो. हा ट्रान्सफॉर्मर त्याच्या दसपट प्रवाह द्यायलाच बनवलेला आहे.

आणि ईएलसीबी इथे वाचवत नाही. हे वाक्य मी पुन्हा वाचायला सांगेन, कारण ‘आमच्याकडे ईएलसीबी आहे’ म्हणून निश्चिंत असणारे खूप आहेत. ईएलसीबी फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहतं. फरक पडला की वीज तोडतं. पण २००० व्होल्टचं वेटोळं भिंतीच्या विजेपासून अलग आहे, त्याचं एक टोक ओव्हनच्या पत्र्याला जोडलेलं. दुसऱ्या टोकाला हात लागला तर प्रवाह हातातून पत्र्यात आणि पत्र्यातून परत वेटोळ्यात, असा आतल्या आत फिरतो. भिंतीकडच्या दोन्ही वायरींत प्रवाह सारखाच. ईएलसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं. एमसीबीलाही तो ओव्हनचा नेहमीचाच भार वाटू शकतो.

प्लग काढला की संपलं, असंही नाही. कपॅसिटर लहान डबीएवढा, एक मायक्रोफॅरडच्या आसपासचा, पण २८०० व्होल्टला भरलेला असला की त्यात चार जूल ऊर्जा बसते. तो रिकामा व्हावा म्हणून आतच एक रोधक घातलेला असतो आणि तो शाबूत असेल तर मिनिटाभरात बहुतेक साठा ओसरतो. तो निकामी असेल तर बाहेरून काही कळत नाही. परदेशात भंगारातल्या ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून ओल्या लाकडावर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळायचा नाद पसरला, व्हिडिओ पाहून घराघरांत लोक ते करू लागले आणि त्यात अनेकांचे जीव गेले. अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेला आपल्या कार्यक्रमांत या प्रकारावर बंदी घालावी लागली. तेच व्हिडिओ आपल्याकडच्या पोरांच्या मोबाईलवरही दिसतात. आजींनी नातवाला ओढून धरावं ते यापासून.

घरात कोणी पत्रा उघडत नसलं तरी प्लग रोजचाच आहे. थ्री-पिन प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते, सगळ्यात आधी आत शिरावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. ओव्हनचा पत्रा तिच्यामार्फत जमिनीशी जोडला जातो. ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीकडच्या वेटोळ्याचं इन्सुलेशन जळून २३० व्होल्ट पत्र्यावर आले, तर या वायरीतून एकदम मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. ती वायर नसेल तर पत्रा तसाच थांबतो, कोणीतरी ओल्या हाताने दार उघडेपर्यंत. जुन्या चाळींत, भाड्याच्या खोल्यांत, कितीदा तरी नव्या फ्लॅटांतही सॉकेटला तिसरं भोक असतं आणि त्यामागे वायर नसते. ओव्हनला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार निघते. मग कोणी म्हणतं, चप्पल घालून लाव. हा सल्ला देणारी माणसं प्रेमळ असतात, पण झिणझिण्या हा अर्थिंग नसल्याचा सांगावा आहे, आणि त्याला एकच उत्तर आहे: ओव्हन बंद आणि वायरमनला फोन.

दुसरी गोष्ट सॉकेटची. साडेपाच अँपिअर ओढणारा ओव्हन ६ अँपिअरच्या लहान सॉकेटात अ‍ॅडॉप्टर लावून चालवणं म्हणजे त्याला सदैव काठावर ठेवणं. ग्रिल आणि कन्व्हेक्शनवाले मोठे ओव्हन तर त्याहून बरंच जास्त ओढतात. सॉकेटमधली पट्टी सैल होऊन तिथे अर्धा ओहम जरी रोध आला, तरी साडेपाच अँपिअरला त्या एका सांध्यात १५ वॅट उष्णता तयार होते. पिन काळी पडते, प्लास्टिक मऊ होतं, जळका वास येतो. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉवर पॉइंट, त्याला साजेशी जाड वायर, हे मायक्रोवेव्हच्या किमतीतच धरायला हवं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत देशात विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू वर्षाला दहा हजारांच्या वर आहेत. त्यांतले पुष्कळ शेतात, खांबावर, कामाच्या जागी होतात. मायक्रोवेव्हचा वाटा त्यात नगण्य असेल. पण अर्थिंगबद्दलची आपली बेफिकिरी सगळीकडे एकच आहे. गीझर, वॉशिंग मशीन, मिक्सर, शेतातला पंप, सगळ्यांना तीच वायर लागते. अमेरिकेत लोकांनी लहरींची धास्ती घेतली, आवाज उठवला आणि तीन स्विचचं दार मिळवलं. अर्थिंगसाठी असा आवाज आपण कधी उठवला नाही. फ्लॅटचा ताबा घेताना टाइल्स वाजवून पाहणारे आपण सॉकेटमागे वायर आहे का, विचारत नाही. दहावीला अर्थिंगचं उत्तर लिहून गुण मिळतात, पण स्वतःच्या घरच्या बोर्डाची तपासणी वायरमनबरोबर उभं राहून पाहा, असा गृहपाठ कोणी देत नाही.

सुरुवात कंपन्यांकडून होऊ शकते. नवा ओव्हन घेतला की बहुतेक कंपन्या डेमोला माणूस पाठवतात. केक कसा करायचा, बटाटे किती मिनिटांत उकडतात, कुठलं भांडं चालतं, हे सगळं ती व्यक्ती मनापासून शिकवते. तिच्या पिशवीत सॉकेट तपासायचा साधा टेस्टर असावा, जो फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही ठीक आहेत का, ते दिवे लावून सांगतो. अर्थ नाही असं दिसलं तर तिने ओव्हन सुरू करू नये, वॉरंटी कार्डावर तसं लिहावं आणि वायरमनचं काम झाल्यावर पुन्हा यावं. केक तेव्हा शिकवता येईल.